साबणाची वडी केवढ्याला?

मागच्या गणपतीत आमच्या कॉलनीत, म्हणजे इंदूरच्या सुदामा नगरात, पाचव्या दिवशी संध्याकाळी बायकांसाठी खेळ ठेवले होते आणि नेहमीप्रमाणे माईक माझ्या हातात, कारण दुसरं कोणी घ्यायलाच तयार नसतं. संगीत खुर्ची, तळ्यात-मळ्यात करून करून मलाच कंटाळा आला होता म्हणून म्हटलं यावेळी काहीतरी जुनं काढू. एका परातीत बारा वस्तू मांडल्या, साबणाची वडी, पाव किलो चहा, उदबत्तीचा पुडा, शेंगदाणे, जिरावणाची पुडी, अर्धा किलो पोहे, असंच सगळं घरातलं, आणि सांगितलं की सगळ्याची मिळून किंमत ओळखायची, जिचा आकडा सगळ्यात जवळ तिला परात सामानासकट. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'तोल मोल के बोल' लागायचं, त्याचीच ही घरगुती नक्कल.

दहा मिनिटांत रणधुमाळी. एका वहिनींनी साबणाची किंमत सांगितली तर दुसऱ्या म्हणाल्या छे हो, मी परवाच मागवला, दोनवर एक फ्री होता, आता वडी केवढ्याला पडली ते तुम्हीच काढा. तिसरीने सरळ मोबाईल काढला, दोन ॲपवर दोन किमती, आणि गंमत म्हणजे शेजारी बसलेल्या तिच्या जावेच्या फोनमधे त्याच ॲपवर तिसरीच, कारण हिच्याकडे कसलीशी मेंबरशिप होती. पोह्यांचं तर विचारूच नका, सियागंजातून एकदम पाच किलो आणणाऱ्यांचा भाव वेगळा आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचा वेगळा. शेवटी मी माझं बिल वाचून दाखवलं तर मागून आवाज आला, "भाऊजी, त्याने तुम्हाला लुटलंय." सगळा मांडव हसला. बिल कोणी मानेना, मग चिठ्ठ्या टाकल्या आणि परात जिला मिळाली तिने आकडाच सांगितला नव्हता.

रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना भाच्याला हे सांगितलं. भाचा मुंबईत कसल्यातरी कंटेंटच्या कंपनीत आहे, नेमकं काय करतो ते त्याच्या आईला पण माहीत नाही. तो म्हणाला, "मामा, हा फॉरमॅट केव्हाच मेलाय, कोणी परत आणणार नाही, तू उगाच डोकं लावून राहिलायस." मला तेव्हा राग आला, पण नंतर दोन-तीन दिवस तेच डोक्यात राहिलं आणि आता माझं मत असं झालंय की फॉरमॅट मेलाय हे भाच्याचं बरोबर आहे, पण का मेला ते त्याला कळलेलं नाही, आणि ते 'का' जरा महत्त्वाचं आहे.

टीव्हीवरचे खेळ बंद का पडतात विचारलं की लोक साधारण तीन कारणं सांगतात. फसवाफसवी उघडकीला आली, किंवा फार क्रूर होता, किंवा लोकांनी गदारोळ केला. ऐकायला पटतं. पण जरा मागे जाऊन बघितलं तर यातल्या कुठल्याच कारणाने फॉरमॅट कायमचा मरत नाही.

फसवाफसवीचं घ्या. अमेरिकेत पन्नासच्या दशकात 'ट्वेंटी वन' नावाचा क्विझ शो होता, त्यात उत्तरं आधीच पढवून ठेवलेली असायची, चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा कॉलेजात शिकवणारा देखणा माणूस त्यात हिरो झाला आणि १९५९ साली त्याने काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, कबूल केलं की हो, मला उत्तरं मिळत होती. देशभर छी थू झाली, १९६० मधे असले ठरवून खेळवलेले शो बेकायदा करणारा कायदाच आला. याहून जास्त बदनामी एखाद्या कार्यक्रमाची काय व्हायची? आणि २००० साली त्याच एनबीसी चॅनेलवर तोच 'ट्वेंटी वन' त्याच नावाने परत आला. जास्त चालला नाही ते सोडा, पण आणणाऱ्याला लाज नाही वाटली.

क्रूरपणाचं तेच. ब्रिटिश 'वीकेस्ट लिंक'चं आपल्याकडे 'कमज़ोर कड़ी कौन' झालं, स्टार प्लसवर, नीना गुप्ता काळ्या कपड्यात उभी राहून लोकांना घालवून द्यायची. आमच्या घरी ते कोणालाच आवडायचं नाही, मावशी म्हणायची ही बाई उगाच का ओरडून राहिली आहे. इथे चाललं नाही, पण अमेरिकेत २०२० ला आणि ब्रिटनमधे २०२१ ला परत सुरू झालं. चिखलात पडापडी असलेला जपानी 'ताकेशीज़ कॅसल', जो आपल्याकडे पोगोवर जावेद जाफरीच्या कॉमेंट्रीमुळे पोरांना पाठ होता, तो मूळचा १९८६ ते १९९० चा, आणि २०२३ ला तो पण नव्याने आला.

राहिला गदारोळ. २००९ चं 'सच का सामना' आठवत असेल, राजीव खंडेलवाल, पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायचं मशीन, २१ प्रश्न, एक कोटी. नवऱ्यासमोर बायकोला नको ते विचारायचे आणि मागे आई-वडील बसलेले. राज्यसभेत प्रश्न निघाला, दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने बंद करायला नकार दिला. आमच्या मावशीने तेव्हा पोरांना आतल्या खोलीत पाठवलं, दार लावलं आणि स्वतः पूर्ण एपिसोड बघितला, रोज. हा फॉरमॅट मूळचा कोलंबियाचा, तिथे २००७ मधे एका बाईने नवऱ्याला मारायची सुपारी दिली होती असं कार्यक्रमात कबूल केलं आणि तो बंद करावा लागला. एवढं होऊनसुद्धा तो अमेरिकेत गेला, इथे आला, आणि आपल्याकडे बंद पडल्यावर लाइफ ओकेवर दुसरा सीझन पण निघाला. म्हणजे पाप केलं म्हणून टीव्हीवरचा खेळ मरत नाही, पापाला तर उलट ओटीटी मिळतं.

मरतो तो साधा खेळ. ज्यात काही पाप नाही, फार मोठं बक्षीस नाही, कोणी रडत नाही, असा. तोल मोल वाला. आणि तो मरतो कारण ज्या गोष्टीवर तो उभा असतो ती गोष्टच पायाखालून निघून जाते.

किंमत ओळखायच्या खेळाला काय लागतं? एक किंमत लागते. सगळ्यांसाठी एकच. नव्वदच्या सुमाराला पाकिटावर एमआरपी छापणं सक्तीचं झालं आणि त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं अशी होती की साबणाची वडी कलेक्टरच्या बायकोला आणि मालवा मिलच्या कामगाराच्या बायकोला साधारण सारख्याच भावात पडायची, दोघींना तो भाव माहीत असायचा, आणि टीव्हीवर समोरची बाई चुकली की दोघी एकाच वेळी आपापल्या घरी "अगं बाई!" करायच्या. हे फार मोठं होतं असं मला आता वाटतं. क्विझमधे हुशार कोण, तर ज्याला राजधान्या पाठ. इथे हुशार कोण, तर जी घर चालवते. तिला बाजार माहीत आहे, पावशेर तूरडाळ किती दिवस पुरते ते माहीत आहे, आणि तेवढ्या माहितीवर ती स्टेजवर उभी राहू शकत होती, कोणी तिला विचारत नव्हतं की तुमचा संघर्ष सांगा.

आता तो भाव राहिलाच नाही. माझा वेगळा, तुमचा वेगळा, सकाळी वेगळा, रात्री अकराला वेगळा, कूपन टाकलं की वेगळा. आमच्या मांडवात बायका चुकल्या नव्हत्या, प्रत्येक जण स्वतःपुरती बरोबर होती. आणि सगळेच बरोबर असले की खेळ कसला व्हायचा.

इथे भाचा (त्याला हे फोनवर सांगितलं होतं) म्हणाला की मग अमेरिकेत 'द प्राइस इज़ राइट' १९७२ पासून कसा चालू आहे. मुद्दा खरा आहे. पण जो कधी बंदच पडला नाही त्याला परत आणायचा प्रश्न येत नाही, ती लोकांची दुपारची सवय आहे, आजी बघायची म्हणून नात बघते. एकदा सवय तुटली की मग पन्नास वर्षांची पुण्याई कामाला येत नाही, शून्यातून सुरू करावं लागतं, आणि शून्यातून आज कोण सुरू करेल साबणाच्या किमतीवर?

'खुल जा सिम सिम'चं पण असंच. २००१, अमन वर्मा, तीन पडदे, एकामागे फ्रिज एकामागे काहीतरी फालतू. तेव्हा पडद्यामागून फ्रिज निघाला की आमच्या हॉलमधे लोक खरंच ओरडायचे, कारण बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी नवा फ्रिज घ्यायचा चाललेलं असायचं. (भाचा तेव्हा लहान होता, नंतर इंजिनिअरिंगला गेल्यावर त्याने मावशीला गणित समजावलं की एक पडदा उघडून दाखवला की आपला पडदा बदलण्यातच फायदा असतो, जिंकायची शक्यता दुप्पट होते. मावशी म्हणाली, मी नाही बदलणार, एकदा म्हटलं ते म्हटलं. त्यावर गणिताकडे उत्तर नाही.) आज फ्रिज ईएमआयवर येतो, नो कॉस्ट, पडद्यामागून निघाला तर लोक आधी विचारतील किती स्टारचा आहे. वस्तूचं अप्रूपच संपलं, आणि संपलं ते बरंच झालं, मी काही ती टंचाई परत यावी म्हणत नाहीये. फक्त एवढंच की काही खेळ त्या टंचाईवर जगत होते.

मग हमखास विचारलं जातं, केबीसी? ३ जुलै २००० ला सुरू झालं, २०२५ ला पंचवीस वर्षं झाली, अजून अमिताभ, अजून लॉक किया जाए. ते कसं जिवंत राहिलं? माझं म्हणणं, नीट बघा, नाव आणि खुर्ची तीच आहे, आतला खेळ बदललाय. २००० साली हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला तेव्हा शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात राज्यघटनेप्रमाणे कोणाला भाग घेता येतो असा होता, उत्तर ॲटर्नी जनरल. हे मला आज पण पाठ आहे, आमच्या पिढीच्या बऱ्याच लोकांना पाठ आहे, तेव्हा राजवाड्याजवळच्या क्लासवाल्यांनी पोरांना दहा वेळा विचारलं असेल. २०१९ ला अमरावतीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार मिळायचे, स्वतःचा मोबाईल हवा होता. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचा एक कोटीचा प्रश्न कुठला होता? मी सकाळी पोहे खाताना चार जणांना विचारलं, मावशीला विचारलं, तिचा एक एपिसोड चुकत नाही. कोणालाच सांगता आला नाही. त्या बाई अभ्यास करून, डोकं वापरून जिंकल्या होत्या आणि आपण लक्षात काय ठेवलं तर पगार.

यात त्यांचा काही दोष नाही, आपला आहे आणि कार्यक्रम बनवणाऱ्यांचा आहे. आधी छोटी फिल्म दाखवतात, गाव, घर, आईचे डोळे, मागे बासरी, आणि मग खेळ. गाण्याच्या स्पर्धेत तेच, नाचाच्या तेच. आता कोणी नुसतं म्हणालं की मी बँकेत आहे, घरी सगळं ठीक आहे, मला जनरल नॉलेज आवडतं म्हणून आलो, तर तो माणूस टीव्हीवर दिसतो कमी आणि एडिटमधे उडतो जास्त.

आणि ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत 'क्वीन फॉर अ डे' म्हणून कार्यक्रम होता, आधी रेडिओवर १९४५ पासून, मग टीव्हीवर १९५६ ते ६४. चार-पाच बायका येऊन आपापलं दुःख सांगायच्या, नवरा आजारी, पोराला व्हीलचेअर हवी, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या मोजायचं मीटर लावलेलं असायचं, जिच्यासाठी जास्त टाळ्या ती राणी, तिला मुकुट आणि वॉशिंग मशीन. टीव्हीच्या इतिहासात हा कार्यक्रम अतिशय हीन म्हणून सांगितला जातो, की बघा असंही होतं एकेकाळी, आता कोणाची हिंमत होणार नाही. अहो हिंमत कसली, फक्त मीटर काढलंय, बाकी तोच कार्यक्रम प्रत्येक चॅनेलवर चालू आहे. ज्याला आपण कायमचा मेलेला फॉरमॅट समजतो तो सगळ्यात तगडा निघाला.

पैशाची बाजू पण सांगायला हवी नाहीतर लोक म्हणतील हा नुसता हळवा होऊन राहिलाय. पूर्वी खेळणारा खेळायचा आणि पैसे साबणवाली किंवा टूथपेस्टवाली कंपनी द्यायची. २००७ च्या शाहरुखवाल्या केबीसीत 'हर सीट हॉट सीट' आलं, घरबसल्या उत्तर एसएमएस करा, रोज दोन लाख, एसएमएसचे २ रुपये ४० पैसे. आमच्या बिल्डिंगमधे एकाने महिनाभर पाठवले, बायकोने बिल बघितल्यावर बंद झाले. त्यावर ग्राहक आयोगात केस झाली, २००८ ला एक कोटीचा दंड लागला, पुढे सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, म्हणजे कायद्याने तो विषय मिटला. मला म्हणायचंय ते वेगळं, तिथून खेळणारा आणि खेळासाठी पैसे मोजणारा एकच माणूस झाला. पुढे २०१८ च्या आसपास फोनवर लाइव्ह क्विझचे ॲप आले नि गेले, मग टीम लावा, रमी खेळा, आणि शेवटी ऑगस्ट २०२५ मधे पैशाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणावी लागली. एवढ्या सगळ्यात परातभर सामान जिंकायला कोण बसणार टीव्हीसमोर, हा भाच्याचा प्रश्न, आणि धंद्याच्या दृष्टीने त्याला उत्तर नाही हे मी मान्य करतो. छोट्या बक्षिसाची जाहिरात होत नाही. 'सात कोटी' होर्डिंगवर दिसतं, 'एक पैठणी' दिसत नाही.

पैठणीवरून आठवलं. 'होम मिनिस्टर' २००४ ला झी मराठीवर सुरू झालं तेव्हा आमच्याकडे इंदुरात मराठी चॅनेलसाठी केबलवाल्याच्या मागे लागावं लागायचं, आणि मावशीची एकच इच्छा होती की आदेश भावोजी कधीतरी इंदूरला यावेत. त्या कार्यक्रमाची लोक टिंगल करायचे, मी पण केलीय. पण त्यात काय होतं, तर दोन साध्या बायका, दोन-तीन बालिश खेळ, एक पैठणी, आणि नवरा मागे उभा राहून खुळ्यासारखा हसतोय. हरलेली बाई पण खूष. मग २०२२ ला 'महामिनिस्टर' आलं आणि बक्षीस काय तर ११ लाखांची पैठणी. मावशी ते ऐकून म्हणाली, "नेसून कुठे जायचं तिने? बँकेत?" मला वाटतं त्या एका वाक्यात तिने सगळं सांगितलं होतं, मी उगाच एवढं लिहून राहिलोय. पैठणी ही नेसायची वस्तू होती, तिचा आकडा झाला. (बाकी दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के कर बक्षीस देतानाच भरावा लागतो, वस्तू असली तरी. आमची परात त्या बाबतीत सुखी.)

आता कोणी म्हणेल यूट्यूबवर आहेत की साधे खेळ. आहेत, छप्पन दुकानवर संध्याकाळी बघा, दोन पोरं माईक घेऊन उभी असतात, भिया बताओ राष्ट्रपती कोण, बरोबर आलं तर शंभर रुपये. पण त्यात बरोबर उत्तर देणारा दाखवत नाहीत, जो चुकला तो व्हायरल होतो. पोरगी आयुष्यभर 'ती रीलवाली'. नीना गुप्ताने निदान तोंडावर सांगून घालवलं असतं.

म्हणून मला खाजगी चॅनेलकडून काही अपेक्षा नाही, आणि त्यांनी ठेवायला पण नको, धंदा आहे. माझा प्रश्न दूरदर्शनला आहे. ते आपल्या पैशावर चालतं. १९८५ ला सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' दूरदर्शननेच दाखवलं, कॉलेजची पोरं, साधा सेट, आणि देश बघायचा. नोव्हेंबर २०२४ मधे प्रसार भारतीने 'वेव्ज़' नावाचं स्वतःचं ओटीटी काढलं. जुन्या मालिका बघायला मिळतात, छान आहे, मी पण बघतो. पण जुनं दाखवणं सोपं असतं. साधा खेळ आज नव्याने बांधायचा तर विचार करावा लागेल की आपल्या सगळ्यांना सामाईक असं आता उरलंय काय. किंमत उरली नाही. गाणी अर्धवट उरली आहेत, अन्नू कपूरच्या अंताक्षरीतल्या दीवाने-परवाने-मस्ताने सारख्या टीम आज काढल्या तर आजीचं गाणं नातवाला येणार नाही आणि नातवाचं आजीला, बसमधे मात्र अजून दोघं जमवून घेतात. भाषा उरली आहे का? आमच्या इंदुरी मराठीवर पुणेकर हसतात, पण 'सानंद' या आमच्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला विद्यापीठाच्या हॉलमधे हजार माणसं एका जागी हसतात म्हणजे काहीतरी उरलंय. रस्ते, बाजार, पदार्थ, म्हणी, गावाची माहिती. गावागावातला असा अर्ध्या तासाचा खेळ, बक्षीस पाचशेचं, कोणाची फिल्म नाही, कोणाचा संघर्ष नाही. टीआरपी येणार नाही. नाही आला तर नाही आला, टीआरपीसाठीच काढायचं असतं तर सरकारी चॅनेल कशाला हवं होतं.

भाचा म्हणतो स्वप्न बघू नकोस. असेल.

या वर्षीच्या गणपतीची मीटिंग परवा झाली. कमिटीचं ठरलंय की बाहेरून अँकर आणायचा, पॅकेज आहे त्याचं, साऊंड, एलईडी, पैठणी त्याचीच, आणि सुरुवातीला प्रत्येक स्पर्धक बाईने एक मिनिट आपली कहाणी सांगायची म्हणे, मागे म्युझिक तो वाजवतो. मी विरोध केला, एकाच मताने पडलो. मग मी आठव्या दिवशीची दुपारची वेळ मागून घेतली, आरतीच्या आधी अर्धा तास, माईक नसला तरी चालेल म्हटलं. यावेळी आकडे आजचे नाही विचारणार. मागच्या वेळी चिठ्ठ्या टाकत होतो तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या होत्या, माझ्या लग्नाच्या वेळी सोनं काय तोळा होतं ते विचार ना, आणि तेवढ्यावर त्यांच्या बाजूच्या चौघी जणी एकदम बोलायला लागल्या होत्या, प्रत्येकीचं लग्नाचं साल वेगळं, आणि कोणी मोबाईल काढला नव्हता.

मावशीने परात आत्ताच घासून ठेवली आहे. म्हणाली सामान मी आणते, तू आणू नकोस, तुला लुटतात.